रेन गार्डनसाठी देशी झाडे: चार महिने पाण्यात आणि आठ महिने कोरड्यात टिकणारी कोणती?

पागोळी

आमच्या घराच्या उतरत्या छपराच्या एका बाजूचे पाणी आजवर पन्हळीतून अंगणात पडून तसेच बाहेर वाहून जात असे. ते जमिनीत मुरावे म्हणून घराच्या पायापासून तीन मीटरहून अधिक अंतरावर रेन गार्डन, म्हणजे पावसाचे पाणी जिरवणारा, झाडे लावलेला उथळ खड्डा, करण्याचे ठरवले आहे. छपराच्या त्या बाजूखाली 40 चौरस मीटर क्षेत्र येते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, त्यामुळे 25 मिलिमीटर पाऊस झाला की साधारण 1000 लिटर पाणी खाली येते. त्यासाठी चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि मध्यभागी 15 सेंटिमीटर खोल असा पसरट खड्डा आखला आहे. बाजू उताराच्या असल्याने त्यात तेवढेच पाणी मावेल, असा हिशेब आहे.

माझी अडचण झाडांची आहे. रेन गार्डन ही कल्पना 1990 च्या सुमारास अमेरिकेतील मेरीलँड राज्यात रुजली, आणि आज वाचायला मिळणाऱ्या बहुतेक याद्या तिकडच्या हवामानाच्या आहेत. तेथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो आणि झाडांना कडाक्याची थंडी सोसावी लागते. आपल्याकडे सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे आठ महिने खड्ड्यात थेंबही येत नाही. मला फक्त देशी झाडे लावायची आहेत आणि उन्हाळ्यात पाणी घालायचे नाही. आपापल्या अनुभवावरून नावे सुचवावीत, आणि जमल्यास कारणही सांगावे, ही विनंती.

ओहोळकाठ

पागोळी, प्रश्नातच अर्धे उत्तर तुम्ही दिले आहे. रेन गार्डन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तळे येते आणि ते पाणथळ जागेतली झाडे शोधू लागतात. मीही तेच केले. पहिल्या वर्षी खड्ड्याच्या तळाशी वेखंड आणि जलब्राह्मी लावली. श्रावणात ती इतकी तरारली की पाहणारे थांबून विचारपूस करीत. माघ सरता सरता जलब्राह्मी करपली, आणि वेखंडाची पाने पिवळी पडून कंदही वाळले. या दोन्ही वनस्पती आपल्याच आहेत, परंतु त्यांना बारमाही ओल लागते आणि रेन गार्डन वर्षातला बहुतेक काळ कोरडे असते.

त्यानंतर मी यादी बाजूला ठेवली आणि पावसाळ्यातच वाहणारा एक ओहोळ वर्षभर जाऊन पाहिला. जुलैत ज्या झाडांच्या बुंध्याशी पाणी होते, त्यांतली एप्रिलमध्ये कोणती जिवंत आहेत, एवढेच टिपत गेलो. निर्गुडी, करंज, वाळा आणि काठावरच्या उतारावर धायटी ही तेव्हा सापडलेली मंडळी आजही माझ्याकडे पाण्याविना उभी आहेत. आपल्या परिसरातला असा हंगामी ओहोळ हीच सर्वांत भरवशाची यादी आहे, असे माझे मत झाले आहे.

तृणपाते

वाळ्याला माझे अनुमोदन. त्याच्या मुळ्या आडव्या न पसरता सरळ खाली जातात आणि मोकळ्या जमिनीत दोन-तीन मीटर सहज गाठतात. त्यामुळे उन्हाळ्यात तो खालच्या ओलीवर तगतो, आणि पावसाळ्यात पाण्याला खाली उतरायला वाट करून देतो. पाणी ज्या ठिकाणी खड्ड्यात शिरते तेथे वाळ्याची एक आडवी ओळ लावली तर प्रवाहाचा जोर मोडतो आणि गाळ तिथेच अडतो.

उताराच्या मधल्या भागासाठी मारवेल गवताचा विचार करावा. काळ्या जमिनीत ते चांगले येते आणि थोडा काळ पाणी साचले तरी कुजत नाही. अगदी वरच्या काठावर पवना किंवा कुसळी चालेल. कुसळीची कुसळे कपड्यांत शिरतात, त्यामुळे ती पायवाटेला लागून लावू नये. हरळी मात्र मुद्दाम लावू नका. ती देशी आहे, चिवट आहे, पण तिच्या धावत्या खोडांचे जाळे दोन वर्षांत सगळी जागा व्यापते आणि इतर रोपांना उठू देत नाही.

काळीमाती

झाडांच्या आधी एक प्रश्न. पाणी जिरण्याची चाचणी केली आहे का?

पागोळी

केली आहे. 30 सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन पाण्याने भरला, ते जिरू दिले, मग पुन्हा भरून पट्टी लावली. ताशी पाच मिलिमीटर पाणी उतरले. म्हणजे 15 सेंटिमीटर पाणी जिरायला 30 तास लागतील. रेन गार्डनमधले पाणी 48 तासांत जिरावे असे म्हणतात; त्यात हे बसते, म्हणून मी निश्चिंत होते.

काळीमाती

ही चाचणी कोणत्या महिन्यात केली, यावर सारे अवलंबून आहे. तुमची माती काळी असेल आणि चाचणी उन्हाळ्यात झाली असेल, तर त्या आकड्यावर विसंबू नये. काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात ओतलेले पाणी भेगांतून झरझर खाली जाते, तर जुलैत त्याच भेगा मिटलेल्या असतात आणि पाणी ताशी एक-दोन मिलिमीटरही उतरत नाही. चाचणी जमीन पुरती भिजल्यावर, शक्यतो पावसाळ्यातच करावी.

उपाय आहेत. खड्डा कमी खोल आणि अधिक पसरट करावा. 15 ऐवजी 10 सेंटिमीटर पुरे. तेवढे पाणी मावायला क्षेत्र मात्र दीडपट लागेल. तळाची माती फोडून तिच्यात पूर्ण कुजलेले खत आणि पालापाचोळा मिसळावा. थोडीशी वाळू टाकून काम भागेल, असे पुष्कळांना वाटते. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली तर ती मोकळी होण्याऐवजी अधिकच घट्ट बसते, हे मी स्वतः करून शिकलो आहे. ते वाफे पुढे कुदळीनेही फुटेनात.

पागोळी

माती काळीच आहे आणि चाचणी एप्रिलमधली आहे. आपण हे सांगितले नसते तर मी तशीच पुढे गेले असते. खड्डा अजून खोदलेला नाही, त्यामुळे पसरट करणे जमेल. पुन्हा चाचणी पावसाळ्यातच करीन.

निर्झर

मी थोडे वेगळे मत मांडतो. केवळ देशीचा आग्रह कशासाठी? माझ्याकडे खड्ड्याच्या तळाशी कर्दळ आहे. पाणी साचले तरी तिला काही होत नाही, फुले सुरेख येतात, कंद वाढत राहतात. शिवाय कर्दळ पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगणात आहे आणि तिच्या शास्त्रीय नावातही ‘इंडिका’ आहे. मग ती परकी कशी?

कंदमूळ

निर्झर, शास्त्रीय नावातल्या ‘इंडिका’ने अनेकांना चकवले आहे. कर्दळीचे मूळ उष्ण कटिबंधातील अमेरिकेत आहे. चिंचेच्या नावातही ‘इंडिका’ आहे आणि ती मूळची आफ्रिकेतली. त्यामुळे एखादे झाड देशी आहे का, हे त्याच्या नावावरून किंवा ते किती वर्षे अंगणात आहे यावरून ठरवता येत नाही.

कर्दळ उपद्रवी आहे, असे मी म्हणणार नाही. तुमच्याकडे ती उन्हाळ्यात पाण्याविना हिरवी राहते का, एवढे सांगावे.

निर्झर

नाही. स्वयंपाकघरातले सांडपाणी तिला जाते, म्हणून ती हिरवी असते. पागोळी यांची अट पाणी न घालण्याची आहे, हे माझ्या ध्यानात राहिले नाही. त्या अटीत कर्दळ बसत नाही, हे मान्य. मात्र जेथे सांडपाणी उपलब्ध आहे तेथे तिला नाकारू नये, या मतावर मी ठाम आहे.

पाकोळी

देशीचा आग्रह कशासाठी, याचे एक उत्तर माझ्याकडे आहे. फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक झाडांचीच पाने खातात. मधासाठी प्रौढ फुलपाखरू कोणत्याही फुलावर बसेल, पण अंडी घालायला त्याला आपले ओळखीचे झाड हवे असते. माझ्या खड्ड्याच्या वरच्या काठावर रुईचे एक झुडूप आहे आणि त्यावर प्लेन टायगरच्या अळ्या दरवर्षी दिसतात. रुईला साचलेले पाणी सोसत नाही, म्हणून ती सर्वांत उंच जागीच लावावी. तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

धायटीबद्दल ओहोळकाठ यांनी एका ओळीत आटोपले, त्यात भर घालते. धायटी हिवाळा संपता संपता फुलू लागते. बाकीची बाग तेव्हा सुकलेली असते आणि हे एकच झुडूप फांदीफांदीवर लालकेशरी झालेले असते. शिंजीर पक्षी दिवसभर तेथून हलत नाहीत. रेन गार्डन पावसाळ्यानंतर ओकेबोके दिसते, अशी तक्रार ज्यांची असेल त्यांनी काठावर धायटी लावून पाहावी.

बांधबंदिस्ती

डासांचा विषय अजून कोणी काढला नाही. शेजाऱ्यांचा पहिला आक्षेप तोच असतो.

ओहोळकाठ

डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. 48 तासांत पाणी जिरले तर अळ्या मोठ्या होण्याआधीच कोरड्या पडतात. परंतु या हिशेबात एक त्रुटी आहे आणि ती आपल्याकडच्या पावसाची आहे. दोन सरींच्या मध्ये खड्डा कोरडा होईल, असे परदेशी मार्गदर्शनात गृहीत धरलेले असते. आपल्याकडे झड लागली की आठ-आठ दिवस उघडीप नसते आणि खड्डा रिकामा होण्याआधीच पुन्हा भरतो. म्हणून जादा पाणी बाहेर काढणारी वाट जरा खालच्या पातळीवर ठेवावी आणि तेथे दगड रचावेत. माझ्याकडे ती वाट तळापासून दहा सेंटिमीटर उंचीवर आहे. खड्ड्यात उथळ, सतत बदलते पाणी राहते. उघडीप मिळाल्यावर तीन दिवसांनंतरही पाणी दिसले तर ती वाट आणखी खाली घ्यावी, हा माझा नियम आहे.

झाडे निवडतानाही झड ध्यानात घ्यावी. 48 तास पाण्यात तगणारे झाड तळाशी पुरेसे नाही; तेथे आठवडाभर बुडखा बुडाला तरी न कुजणारे झाड हवे. वाळा आणि करंज या कसोटीला उतरतात. निर्गुडीही उतरते, पण मी ती तळापेक्षा जरा वर लावतो.

बांधबंदिस्ती

करंज सुचवताना जागेचा विचार व्हावा. पागोळी यांचा खड्डा दहा चौरस मीटरचा आहे. पूर्ण वाढलेला करंज एकटाच त्यावर सावली धरील आणि खालची गवते मरतील. मी याहून मोठी चूक केली होती. अर्जुन हा नदीकाठचा वृक्ष, पाण्यात तगतो, देशी आहे, म्हणून एवढ्याच खड्ड्यात हौसेने लावला. तो वीस मीटरच्या पुढे जाणारा वृक्ष आहे. चौथ्या वर्षी त्याच्या मुळ्यांनी पाण्याची येण्याची वाट उचलली आणि शेवटी जड मनाने तो काढावा लागला. लहान खड्ड्यात वृक्ष नकोत. झुडपे, गवते आणि कंद एवढेच पुरे.

कंदमूळ

कंदांचे नाव निघाले, तेव्हा मनातले सविस्तर लिहितो.

कोरड्या महिन्यांना तोंड देण्याच्या दोन रीती आपल्या वनस्पतींकडे आहेत. एक वाळ्याची, म्हणजे मुळ्या खोल नेऊन ओल गाठण्याची. दुसरी रीत म्हणजे पाऊस संपला की वरचा पसारा सोडून देऊन जमिनीखाली निजण्याची. सह्याद्रीच्या उतारांवर पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत जी हिरवाई उसळते, तिच्यातला मोठा वाटा या निजलेल्या कंदांचा असतो. रानहळद, पेव आणि कळलावी ही त्यांतली सहज ओळखू येणारी. ही तिन्ही रेन गार्डनच्या उतारावर उत्तम येतात. पेवाला थोडी सावली आणि ओल हवी, म्हणून ते खालच्या बाजूला निर्गुडीच्या आडोशाला लावावे. त्याची पाने खोडाभोवती वळसे घेत जिन्यासारखी चढतात आणि शेंड्याला तांबूस कणसातून पांढरी फुले येतात. रानहळदीला पाण्याचा निचरा लागतो, म्हणून ती त्याच्या वर. कळलावी वेल आहे; तिला आधाराला झुडूप हवे.

या वनस्पतींना उन्हाळ्यात पाणी घातले तर फायदा होत नाही, उलट निजलेला कंद कुजण्याची भीती असते. पागोळी यांची पाणी न घालण्याची अट येथे सोयीचीच ठरते.

त्यांच्या सोबत तेरडा असू द्यावा. तो एका हंगामाचा. बोंडे पिकली की स्पर्शाने फुटतात आणि बी आपोआप पसरते. पुढच्या जूनमध्ये तो हवा तेथे उगवतो. नको तेथे उगवला तर उपटायलाही सोपा जातो.

पाकोळी

कळलावीबाबत एक गंभीर सूचना. तिचे सर्व भाग विषारी आहेत आणि कंद सर्वांत अधिक. ज्या घरात लहान मुले किंवा जमीन उकरणारी जनावरे आहेत, तेथे ती लावू नये. तिचे फूल कितीही देखणे असले तरी मी माझ्या बागेत ती ठेवलेली नाही.

कंदमूळ

पाकोळी यांचे म्हणणे अगदी योग्य आहे. मी हे आधीच लिहायला हवे होते.

आणखी एक राहिले. ही रोपे रानातून उपटून आणू नयेत. कासचे पठार ज्या पश्चिम घाटाच्या नामांकनात आहे, त्याला 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण दर्जा नसलेल्या साध्या टेकडीवरूनही कंद खणून आणणे तितकेच चूक आहे. पठारावरची सीतेची आसवे तर खडकावरच्या पातळ, भिजलेल्या मातीवाचून जगतच नाही. बी गोळा करावे, तेही मूठभर, किंवा ज्याच्या बागेत कंद वाढले आहेत त्याच्याकडून मागून घ्यावेत.

तृणपाते

रोपवाटिकेतून आणताना नाव नीट तपासावे, हेही जोडतो. ‘ब्राह्मी’ मागितली तर कोणी जलब्राह्मी देतो, तर कोणी मंडूकपर्णी. दोन्ही वनस्पती अगदी निराळ्या आहेत. मला एकदा पिवळ्या फुलांची पसरणारी वेल ‘देशी, जमीन धरून ठेवणारी’ म्हणून मिळाली. ती अमेरिकेतून आलेली वेडेलिया निघाली. तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटते, आणि ती पूर्ण काढायला मला दोन पावसाळे लागले. बेशरमही तशीच, पाण्यातही जगते आणि कोरड्यातही, त्यामुळे रेन गार्डनच्या कसोटीला ती अगदी उतरते. पण तीही उष्ण कटिबंधातील अमेरिकेतलीच आहे आणि पाणथळ जागा गिळत चालली आहे. पानकणीस देशी असूनही लहान खड्ड्यात नको, कारण ते दुसऱ्या कोणाला जागाच ठेवत नाही.

पागोळी

सगळे उतरवून घेतले आहे. आता लागवड केव्हा करावी? पहिल्या पावसाबरोबर, असे समजून चालले होते.

बांधबंदिस्ती

आपल्याकडे वृक्षलागवडीची रीत तीच आहे, आणि येथेही तीच पाळावी. पहिल्या दोन चांगल्या सरी झाल्या की लावून टाकावीत.

काळीमाती

येथे माझा मतभेद आहे. इतर जागी लावलेल्या रोपावर पाऊस पडतो. रेन गार्डनमध्ये लावलेल्या रोपावर सगळे छप्पर रिते होते. मुळे धरण्याआधीच रोप बुडते किंवा उखडून वाहून जाते. पहिल्याच वर्षी माझ्या तळातली निम्मी रोपे अशी गेली.

ओहोळकाठ

दोघांचेही जुळते. लागवड पहिल्या सरींनंतरच करावी, पण पहिला पावसाळाभर पन्हळीचे पाणी दुसरीकडे वळवावे. रोपांवर फक्त आभाळातला पाऊस पडू द्यावा. येण्याच्या वाटेवर दोन विटा आडव्या लावल्या तरी काम होते. पहिल्या उन्हाळ्यात मात्र पंधरवड्यातून एकदा पाणी द्यावे लागेल. कंद निजले असतील ती जागा सोडून. दुसऱ्या पावसाळ्यात विटा काढाव्यात. पाणी न घालण्याचा नियम तेथून पुढे लागू होतो.

बांधबंदिस्ती

विटांची युक्ती मला पटली. माझी सूचना मागे घेतो.

तृणपाते

आच्छादनाबद्दल थोडक्यात. कोरडा पालापाचोळा तळाशी पसरू नका. तो तरंगतो आणि बाहेर जाणाऱ्या वाटेत अडकून ती तुंबवतो. तळाशी मुठीएवढे गोटे आणि उतारावर पाला, असे ठेवावे. रासायनिक खत अजिबात नको. ते पाण्याबरोबर खाली झिरपते, शिवाय आपली गवते सकस मातीत उंच वाढून लोळतात. हलक्या मातीत तीच ताठ उभी राहतात.

पागोळी

सर्वांच्या उत्तरांवरून माझा आराखडा असा झाला आहे. खड्डा 10 सेंटिमीटर खोल आणि 15 चौरस मीटर. पाणी शिरते तेथे वाळ्याची ओळ आणि तळातही वाळ्याचीच ठोंबे. तळाच्या जरा वर, एका कडेला दोन निर्गुडी, त्यांच्या आडोशाला पेव. मधल्या उतारावर मारवेल, रानहळद आणि तेरडा. सर्वांत वर दोन धायटी आणि एक रुई. घरात लहान नातू आहे, म्हणून कळलावी नाही. वेखंडाचा मोह होता, तो ओहोळकाठ यांच्या अनुभवानंतर सोडला आहे.

एकच शंका उरते. तळात केवळ वाळा ठेवला तर ते फार एकसुरी होईल का?

ओहोळकाठ

आराखडा उत्तम आहे. तळ एकसुरी वाटत असेल तर रानातल्या अळूचे दोन-तीन कंद वाळ्याच्या मध्ये लावून पाहावेत. पावसाळ्यात त्याला पाण्याचे वावडे नाही आणि उन्हाळ्यात पाने गळली तरी कंद राहतो. माझ्याकडे चारांपैकी तीन टिकले. पण आधी जुलैतली चाचणी होऊ द्या. पाणी ताशी दोन मिलिमीटरच्या खाली गेले तर झाडांची यादी तशीच ठेवून बाहेर जाणारी वाट पाच सेंटिमीटरवर आणावी लागेल.

पागोळी

ताशी दोन मिलिमीटर, हे टिपून ठेवले. जमीन पुरती भिजली की चाचणी घेऊन आकडा येथेच कळवते.